रेडिओवर चालतं ते

जनरेटरचा धूर नाकात गेला की रेवदंड्याची ती शाळा आठवते. वादळाने मोबाइलचे टॉवर आडवे झाले होते आणि एक हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवणारा, वर्गातल्या बाकावर यंत्र मांडून लोकांचे निरोप मुंबईला पोचवत होता. सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याला त्याने परत पाठवलं. "शेठ, यावर धंद्याचं बोलणं चालत नाही." मागे आमची शेजारीण उभी होती. तिच्या नवऱ्याचं प्रेत त्याच सकाळी किनाऱ्याला लागलं होतं आणि मुंबईतल्या मुलाला अजून पत्ता नव्हता. तिने दबकत विचारलं, "नवरा गेला, येवढं सांगितलं तर चालंल ना?" त्याने माइक तिच्यापुढे धरला. आता कोण गेलं ते गावच्या ग्रुपवर कळतं, आणि लगेच खाली बोंबलाचा भाव येतो.