एकशे त्रेपन्नकडे जाणाऱ्या गाड्या

गेल्या धानकापणीत, गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारदिवशी दुपारी, माझ्या बायकोचे मामा माझ्या मोटारसायकलवर बसले. त्या हंगामात गावात याहून मोठी घटना घडली नाही.

माणसे गाडीत जागा पाहतात, मामा नंबर पाहतात. बाजारात त्यांचे सुतळी-दोरीचे दुकान आहे. समोर गाडी थांबली की त्यांचे ओठ हलतात आणि निकाल येतो: "इकडची." किंवा, "तिकडची." तिकडची म्हणजे एकशे त्रेपन्नकडे जाणारी. हिशेब असा. आकड्यातल्या प्रत्येक अंकाचा घन करायचा, बेरीज घ्यायची, तिचे पुन्हा तेच करायचे. तीनचा घन सत्तावीस. दोन आणि सातच्या घनांची बेरीज तीनशे एक्कावन्न. तिच्यावरून एकशे त्रेपन्न. एकशे त्रेपन्नवरून पुन्हा एकशे त्रेपन्नच. तिथून बाहेर वाट नाही. तीनने भाग जाणारा कोणताही आकडा, कितीही मोठा असो, शेवटी तिथेच पोचतो. चूक काढायच्या इराद्याने मी पुष्कळ आकडे करून पाहिले. सगळे तिथेच पोचले.

तिकडच्या गाडीत मामा बसत नाहीत. यापायी त्यांची सख्ख्या पुतण्याची वरात हुकली. एका ऑटोवाल्याने दुकानासमोर थांबणेच सोडले. शेजारी त्यांना न्यायला येताना नंबरावर चिखल थापत. मामा फडके घेऊन तो पुसत आणि वाचत. बाजारातले चिडवत, "काऊन मामा, आज तिकडं किती?" मामा खरा आकडा सांगत. मग कोणी हसत नसे.

सुरुवात मामींपासून झाली. दरेकशाहून परतताना जीप उलटली, त्यात त्या वारल्या. जीपचा नंबर तिकडचा होता. मी एकदा म्हणालो, "मामा, दर तीन आकड्यांतला एक तिकडचाच असतो."

"माईत हाये, जवाईबापू. मंग बाकीच्या दोन गाड्या त्या दिवशी कुठं होत्या?"

त्या बाजारदिवशी त्यांच्या एकुलत्या मुलीला गोंदियात बाळंतपणात रक्तस्राव झाला. तिच्या गटाचे रक्त मिळत नव्हते. मामांचा गट तोच होता. एसटी आली, तिकडची. ऑटो आला, तिकडचा. गिरणीचा ट्रक, तोही. उरलो मी. माझ्या गाडीचा नंबर २६०७, तिकडचाच, आणि मामांना तो पाठ होता.

दवाखान्यातून माझ्या बायकोचा फोन आला. "मामा, पोरगी थंडी पडून राह्यली. कायले उभे हा?"

मामा मागे बसले. रस्ताभर त्यांचे बोट माझ्या पाठीवर आकडे काढत होते. पाचशे सदुसष्ट. सहाशे चौऱ्याऐंशी. सातशे ब्याण्णव. एक हजार ऐंशी. पाचशे तेरा. गोंदियाची घरे दिसू लागली तेव्हा बोट थांबले.

"आता एकशे त्रेपन्न येते," ते म्हणाले. "हळू चालवा."

मी गाडी हळू केली. काही आले नाही.

मुलगी वाचली. नातीच्या पायाला दवाखान्याची पट्टी होती, तिच्यावर ३७१. मामांनी बोटांवर मोजले: सत्तावीस, तीनशे त्रेचाळीस, एक. बेरीज ३७१. त्यांनी पुन्हा मोजले.

"हे तिकडं जात नाई," ते नातीच्या तळव्याला म्हणाले. "हे आपल्याच घरी राह्यते."

पट्टी आता दुकानात, मामींच्या फोटोच्या खिळ्याला बांधलेली आहे. मामा त्या आठवड्यात दोन बस सोडून तिसरीने गोरेगावला परतले. माझ्या गाडीवर ते पुन्हा बसलेले नाहीत.