चाळीस नमुने भरेपर्यंत

थू यु-फेन आमच्या ताइनानच्या इस्पितळात एकोणीस वर्षं रक्त तपासत होती. मी शेजारच्या टेबलावर. आमच्या बालविभागाचे प्रमुख च्वांग डॉक्टर फार थोर माणूस, स्वतःच सांगायचे. फुप्फुसं निकामी होऊन कृत्रिम श्वासावर आलेली मुलं वरून सारखीच दिसतात, आतली भानगड मात्र वेगळी. रक्तातल्या काही प्रथिनांवरून कुणाच्या अंगात दाह भडकलाय नि कुणाच्या नाही, असे दोन गट पाडायचे, हा त्यांचा अभ्यास. गट लवकर कळला तर पुढेमागे उपचार नेमके करता येतील, असं ते प्रत्येक परिषदेत सांगत.

चाचणीची ताटली चाळीस खाचांची, महागडी आणि एकदाच वापरायची; एका खाचेत एक नमुना. म्हणून चाळीस मुलं अत्यवस्थ होईपर्यंत रक्त गोठवून ठेवायचं. सात महिने लागले.

"बारा नंबरचा मुलगा दाहाच्या गटात! काय अचूक आहे बघा!" डॉक्टर बैठकीत खुलले.

"कळवू का त्याला, साहेब?" यु-फेन म्हणाली. "बरा होऊन पहिलीत गेलाय तो."

आम्ही सगळ्यांनी चहाच्या पेल्यात तोंडं खुपसली.

मार्चमध्ये फ्लूनंतर शिंपल्यातली कालवं विकणाऱ्या एकाची पाच वर्षांची मुलगी कृत्रिम श्वासावर आली. तिसऱ्या दिवशी बाप रबरी बुटांसकट आमच्या दारात.

"ताई, पोरीचं रक्त नेलंत. काय निघालं?"

"बर्फात आहे अजून."

"अहो, मी कालवंसुद्धा इतके दिवस ठेवत नाही बर्फात!"

यु-फेनचा चेहरा उतरला. त्याच दुपारी तिने अख्खी ताटली त्या एका नमुन्यासाठी वापरली. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं: दाहाचा गट.

"कुणाला विचारून?" च्वांग डॉक्टर कडाडले.

"तुम्हीच म्हणता ना साहेब, लवकर कळायला हवं."

अभ्यासातल्या निकालावर उपचार करायचे नाहीत, असा नियम. कागद फायलीत गेला. मुलगी तीन आठवड्यांत बरी होऊन घरी गेली, शास्त्राची वाट न बघता. यु-फेनला मात्र इस्पितळाच्या समितीने बोलावून लेखी समज दिली. त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही.

पुढच्या वर्षी एकेक नमुना तासाभरात तपासणारं छोटं यंत्र आलं. परिषदेत च्वांग डॉक्टरांनी सांगितलं, ताटली भरायची वाट बघू नये ही कल्पना त्यांना पहाटे फिरताना सुचली. यु-फेनने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"कशाला? माझी कल्पना म्हटली असती तर यंत्र अजून समितीतच असतं."

आता मुलाचं रक्त आलं की ती हातातलं काम टाकून उठते.