विलास काका, पाऊणकी आणि सॅं मालोचं पाणी

विलास काकांबद्दल लिहायचं म्हणजे माझा गाढवपणाही लिहावा लागणार. तो वगळता येत नाही, कारण तो झूमवर एकोणचाळीस फॅमिलींसमोर झाला. असो. लिहितेय.

मी मेलबर्नमध्ये ग्लेन वेव्हर्लीला विलास थळे काका-काकूंच्या घरी राहते. भाडं देते, पण लीना काकूंसमोर स्वतःला "टेनंट" म्हणायची सोय नाही, त्या दोन दिवस अबोला धरतात. काका लिफ्ट दुरुस्त करतात. लॉकडाऊनमध्ये आख्खं मेलबर्न घरात कोंडलेलं, पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, आणि आमच्या घरातून हे एकटे रोज सकाळी शर्टच्या खिशात परमिट घालून हॉस्पिटलच्या लिफ्ट बघायला जायचे. मी तोवर उठलेलीही नसायचे. ऑनलाइन लेक्चरला कॅमेरा बंद करून झोपायचं स्किल मी त्याच वर्षी डेव्हलप केलं.

तर काका मूळचे अलिबागचे. आणि त्यांना वेड ब्रिटनीचं. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचा तो भाग, जो नकाशात अटलांटिकमध्ये नाक खुपसून बसलाय. अलिबागच्या माणसाला हे वेड कुठून? तर डेंटिस्टकडून. अकरा वर्षांपूर्वी दाढ काढायला गेले, तिथे एका जुन्या मासिकात फोटो दिसला. वाळूचा किनारा, समोर पाण्यात किल्ला, आणि ओहोटीला लोक चालत किल्ल्याकडे निघालेत. काका तोंडात कापूस घेऊन ओरडले, "अहो हा तर आपला कुलाबा!"

तो कुलाबा नव्हता, ब्रिटनीतल्या सॅं मालो गावचा फोर्ट होता. पण गंमत बघा, दोन्ही किल्ले पाच-दहा वर्षांच्या फरकाने बांधलेले. सोळाशे ऐंशीच्या दशकात इकडे आपण आणि तिकडे ते, दोघंही भरतीच्या पाण्यात दगड रचत होतो, एकमेकांना पत्ता नाही. काकांना ही गोष्ट इतकी लागली की दाढेचं दुखणं विसरले आणि ब्रिटनी सुरू झाली. ती अजून चालू आहे.

जेवताना ऐकावं लागतं. कार्नाकला तीन हजार दगड ओळीने उभे आहेत, सहा हजार वर्षांपासून, का ते कोणालाच नक्की माहीत नाही. नॉंत शहर मूळचं ब्रिटनीचं, पण आता शेजारच्या रीजनमध्ये टाकलंय ("आपल्या बेळगावसारखं गं!"). शाळेत ब्रेटन, म्हणजे तिथली भाषा, बोललं की मुलांच्या गळ्यात लाकडी बूट अडकवायचे. हे सांगताना काका माझ्याकडे बघतात, कारण मी फोनवर आईशीही अर्धं इंग्लिश बोलते. सॅं मालो चव्वेचाळीस साली युद्धात जळून गेलं आणि लोकांनी ते पुन्हा जुन्यासारखंच दगडात बांधलं. मग ॲन राणी, जिने फ्रान्सच्या दोन राजांशी लागोपाठ लग्नं केली.

"मला त्या बाईचे नवरे माझ्या दिरांपेक्षा जास्त पाठ आहेत," काकू म्हणतात.

आता खरी गोष्ट. काकूंचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. त्यानंतर त्यांनी फिरणं बंदच केलं. वाळू नको, पायऱ्या नको, विमान तर नकोच. काकांनी किती मनधरणी केली असेल, देव जाणे. शेवटी त्या एकदा "बरं" म्हणाल्या. एकदाच. सात मे दोन हजार वीस, पौर्णिमा, सॅं मालोच्या वाळूतून किल्ल्यापर्यंत दोघांनी चालत जायचं, संध्याकाळी. आणि मार्चमध्ये बॉर्डर बंद.

तिकीट कॅन्सल झाल्यावर काकू म्हणाल्या, "झालं ते बरंच झालं." काका मला गराजमध्ये हळूच म्हणाले, "ती परत हो म्हणेल असं वाटत नाही गं."

म्हणून मी पुढाकार घेतला. मी पुढाकार घेते तेव्हा लोकांनी खरं तर लांब उभं राहावं.

आमच्या मराठी ग्रुपची दर शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, झूमवर "घरबसल्या सहल" असायची. कोणीतरी आपल्या ट्रिपचे फोटो दाखवायचं, बाकीचे म्यूट करून भाजी निवडायचे. मी काकांना न विचारता त्यांचं नाव देऊन टाकलं. मग त्यांना सांगितलं, "काका, न गेलेल्या सहलीवर बोला. काकू शेजारीच असतील. ऐकून विरघळतील."

काकांचे डोळे चमकले. तीन आठवडे तयारी. आणि एक दिवस त्यांनी माझ्या हातात कागद दिले. सॅं मालोच्या भरती-ओहोटीचा तक्ता, फ्रेंचमध्ये. "तू फ्रेंच घेतलंयस ना युनीत? माझी वेळ बरोबर आहे का, एवढं ताडून बघ."

फ्रेंच घेतलंय हे खरं. येतं हे मी आवेशात सांगितलेलं. "नो वरीज काका," मी म्हणाले, आणि कागद लॅपटॉपखाली सरकवले. चार दिवसांनी त्यांनी विचारलं, "बघितलंस?" मी म्हणाले, "हो हो, एकदम परफेक्ट." बघितलं नव्हतं. आख्खी एक वेब सिरीज मात्र बघितली होती.

शनिवार. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, शेजारी काकू, हातात सोलायला वाटाणे. मी माझ्या खोलीतून जॉइन. काका काय सुंदर बोलले! बकव्हीटच्या पिठाच्या गॅलेटवर आले तेव्हा ग्रुपमधल्या मैथिली ताईने अनम्यूट करून विचारलं, "पण काका, शाकाहारी काय मिळतं?"

"अगं घावनच आहे ते! आत अंडं नको म्हणून सांगायचं."

काकू हसल्या. खरंच हसल्या, वाटाणे थांबले. मला वाटलं, जिंकलो.

मग काका सात मेवर आले. "आता वेळ कशी काढली ते सांगतो. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात, की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सव्वापाचला पूर्ण ओहोटी. तेव्हा मी आणि लीना वाळूत उतरणार."

पाऊणकी? अलिबागची पाऊणकी फ्रान्सला? लॅपटॉपखालून कागद ओढले. सात मे. ओहोटी तीनच्या सुमाराला. भरती रात्री आठनंतर. आणि सॅं मालोचं पाणी बारा मीटर चढतं, म्हणजे चार मजली इमारत. सव्वापाचला ते जोरात आत येत असतं. काकू, नवा गुडघा, वाळू.

शांतपणे बसून विचार करायची ती वेळ होती. मी टाइप केलं. काकांना प्रायव्हेट मेसेज, असं मला वाटलं. तो एव्हरीवनला गेला. आणि आमचा होस्ट हृषीकेश दादा इतका सिन्सियर की चॅट मोठ्याने वाचून दाखवतो.

"चारुता विचारतेय... नाही, म्हणतेय... 'काका वेळ साफ चुकली!!! पाणी चढत असतं, तुम्ही काकूंना घेऊन बुडला असता!!!'" दादा थांबला. "आणि एक रडणारा इमोजी आहे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. स्क्रीनवर काकू उठल्या, वाटाण्यांचं भांडं घेऊन फ्रेमच्या बाहेर गेल्या. काका म्हणाले, "तपासून सांगतो हं," आणि पुढची स्लाइड लावायला विसरले.

जेवताना काकू म्हणाल्या, "कॅलेंडर बघून मला समुद्रात उभं करणार होतात. एका परक्या देशात. कोणाला विचारावंसं नाही वाटलं?"

काका आमटी ढवळत राहिले. माझं नाव घेतलं नाही त्यांनी. एवढं एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. नाही बोलले.

मी घास ताटात ठेवला. "काकू, विचारलं होतं. मला. तक्ता दिला होता त्यांनी, मी न बघताच परफेक्ट म्हणाले."

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "मग हे सांगता येत नव्हतं?"

"अगं, तिची परीक्षा होती."

"कसली परीक्षा! सिरीज बघत होती. भिंतीतून ऐकू येत होतं मला."

मी मान खाली घातली. काकूंनी हात धुतले, चष्मा लावला. "आणा ते कागद."

मी धावत आणले. त्यांनी बोट ठेवलं. "हे काय?"

"प्लेन मेर. भरती."

"आणि हे बास मेर म्हणजे ओहोटी. एवढंच होतं होय? एवढ्यासाठी युनीत जातेस?"

मग बराच वेळ त्या ओळी वाचत बसल्या. शेवटी काकू म्हणाल्या, "संध्याकाळी वगैरे नाही. दुपारी ओहोटी असेल असा दिवस काढायचा. पाणी अजून उतरत असतानाच निघायचं, म्हणजे परतायला वेळ राहतो. जेवून निघू."

"पण लीना, बॉर्डर कधी उघडेल..."

"वर्ष सरकारला ठरवू दे. वेळ मी ठरवणार."

काकांनी चमचा खाली ठेवला. "दुपारचं ऊन असतं गं."

"टोपी घाला."

मी रडत होते, अर्थातच. कोणी लक्ष दिलं नाही.