सातव्या नळीची रेषा

तुळजापूर तालुक्यातल्या एका साठवण तलावाच्या कार्यालयात मी कंत्राटी अभियंता म्हणून लागले. तलावाच्या मातीच्या भिंतीत नऊ नळ्या उभ्या पुरलेल्या आहेत. टेप सोडून त्यांतलं पाणी नळीच्या तोंडापासून किती खाली आहे ते मोजतात. पाणी एकाएकी वर आलं, तर भिंत आतून झिरपतीय असं समजायचं. ह्या जुन्या नोंदी वहीतून संगणकात घालायच्या आणि प्रत्येक नळीची वेगळी मालिका करून आलेख काढायचा, हे माझं काम.

मोजणी करायचे ते रोजंदारीवरचे चौकीदार. म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. दर सोमवारी टेप घेऊन भिंतीवर चढायचे.

पहिला आलेख उलटाच आला. तलाव भरला की रेषा खाली! वहीत खोली होती, मला हवी होती उंची. सूत्र बदललं. मग संगणकानं पाच जुलैचं सात मे केलं. तारखा नीट करण्यात आठवडा गेला. शेवटी नऊ रंगांच्या नऊ रेषा दिसल्या. आठ रेषा पावसाळ्यात चढत होत्या, उन्हाळ्यात उतरत होत्या. सातवी तीन वर्षं आडवी पडून होती.

मला वाटलं, माझंच चुकलं. मालिकेचा रकाना तपासला. मग वही उघडली. चाचांच्या गोल अक्षरात, प्रत्येक सोमवारी, तोच आकडा.

"चाचा, ही सातवी नळी?"

त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "तिच्यात दगूड अडकलाय, मॅडम. टेप खाली जातच न्हाय. म्या सांगितलं होतं आपल्या हापिसातल्या साहेबांना. ते म्हनले, रकाना मोकळा दिसाय नको, मागचाच आकडा लिहीत जावा."

"मग आता तरी वर कळवू. नळी साफ करून देतील."

"माझ्यावर काई येनार न्हाय ना?"

"तुमच्यावर कशाला येईल? तुम्ही सांगितलंच होतं की."

हे मी म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

आलेख जोडून मी वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवला. पंधरा दिवसांत उत्तर आलं: चौकीदारानं खोट्या नोंदी केल्या, त्याला कामावरून कमी करावं. मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनीच लिहायला लावलं होतं, हे त्यांच्या तोंडावर बोलले. ते शांतपणे म्हणाले, "लेखी आहे का काही?"

चाचा टेप जमा करायला आले, तेव्हा मी उठून उभी राहिले. त्यांनी टेप पुसून माझ्या टेबलावर ठेवला. "तुमी म्हनला होता, काई येनार न्हाय," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

नवा माणूस आला. पुढच्या महिन्यात मी त्याचे आकडे संगणकात भरले आणि सातवी रेषा हलायला लागली. थोडी वर, थोडी खाली, शेजारच्या रेषांसारखीच. क्षणभर बरं वाटलं. मग मीच टेप घेऊन भिंतीवर गेले. सातव्या नळीत टेप सोडला. तो मध्येच दगडावर थांबला.

साहेबांना सांगितलं. त्यांनी आलेखावरून नजरही उचलली नाही. "आता रेषा बरी दिसतीय की. राहू द्या."

खोलीत येऊन मी नवा अहवाल लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या. तिसरीत मोजणी करणाऱ्याचं नाव घालावं लागणार होतं. त्याच्या दोन लेकी गावातल्या शाळेत आहेत, हे मला ठाऊक होतं. मी त्या दोन ओळी खोडल्या आणि नऊ रेषांचा आलेख, माझी सही करून, तसाच पुढं पाठवला.

आता दर महिन्याला पाठवते. भिंतीत तिथं पाणी कुठवर आलंय, ते कुणालाच ठाऊक नाही.