धाकटीचं वर्तुळ

"अच्छा. म्हणजे तुम्ही त्यातले."

डॉक्टरकाका एवढंच म्हणाले. माझ्या धाकट्या बहिणीच्या पायांवर ब्लँकेट टाकत, हळू आवाजात.

कॅनडात, ओकव्हिलला त्यांचं मोठं घर. काका-काकू आमचे नात्यातले नव्हेत, मराठी मंडळातल्या ओळखीचे. काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आम्ही ग्वेल्फहून गेलो होतो, आईने केलेल्या गूळपोळ्यांचा डबा घेऊन. बाबा फॅक्टरीत वेल्डर. आई घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायची. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, म्हणून तोवर कुणी काही विचारलं नव्हतं.

जेवताना काका त्यांचा नेहमीचा किस्सा सांगत होते. त्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. आईच्या वडिलांकडून आलंय म्हणे. काकू म्हणाल्या, "लग्नात माझा शालू कुठल्या रंगाचा होता, विचारा यांना." सगळे हसले. आम्हीही हसलो.

तेवढ्यात धाकटी बाहेर बर्फात खेळून आली आणि बेसमेंटच्या जिन्यावरच बसली. बारा वर्षांची. पाय धरून कण्हायला लागली. मला लगेच कळलं. आई घाईघाईने म्हणाली, "तिला रक्त कमी आहे." काका डॉक्टर. ते नीट विचारू लागले, कुठे दुखतं, आधी कधी झालं होतं. मला खोटं बोलवेना. मी सांगितलं, सिकल सेल. आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार.

तेव्हा ते तसं म्हणाले. मग पुढे म्हणाले, "मी नागपूरला शिकायला होतो ना. तुमच्यात असतोच हा आजार."

पाणी पाजा, ऊब द्या, सरळ हॉस्पिटलला न्या, हा त्यांचा सल्ला बरोबर होता. हे सांगायलाच हवं. पण आम्ही निघालो तेव्हा काकूंनी डबा आईच्या हातात दिला. "राहू द्या, खूप उरलंय." डब्याचं झाकण उघडलेलंच नव्हतं.

त्यांच्यातलं काही असलं की किस्सा. आमच्यातलं असलं की जात.

गाडीत आई म्हणाली, "किती डाव सांगितलं तुले. आजाराचं नाव सांगितलं का जात समजते लोकाईले." मागच्या सीटवर धाकटी कण्हत होती. आणि मी आईची माफी मागत होते. त्या माफीची मला अजून लाज वाटते.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. त्याच टर्मला जेनेटिक्सच्या वर्गात आपल्या घराचा वंशवृक्ष काढून समजावायचा होता. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार असेल तर काळं भरायचं. नुसता वाहक असेल, म्हणजे दोष पुढे देणारा पण स्वतः आजारी नसलेला, तर अर्धं.

मी काय केलं? काकांचा दोष उसना घेतला. माझ्या आजोबांना रंगांधळं केलं, आईला वाहक. तो दोष चारचौघांत सांगण्यासारखा होता. धाकटीचं वर्तुळ रिकामं ठेवलं.

कागद डायनिंग टेबलावर होता. धाकटीने बोट ठेवलं. "इज दॅट मी? व्हाय ॲम आय एम्प्टी?"

मी कागद माझ्याकडे ओढला.

"बिकॉज ऑफ दॅट अंकल?"

तिने सगळं ऐकलं होतं. दुखत असतानाही.

मी कागद फाडला. पुन्हा काढायला बसले तर आई अर्धी, बाबा अर्धे, दोघांचं मिळून धाकटी पूर्ण काळी. माझं वर्तुळ कसं भरायचं ते मला माहीतच नव्हतं. तपासणीला जायचं तर तिथे आजाराचं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून मी कधी गेलेच नव्हते. आता गेले. रिपोर्ट आला. अर्धी.

मग वाचत सुटले. झोप लागेना. हा दोष मलेरियाच्या मुलखात टिकला, कारण अर्धा दोष असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचायची. आणि लग्नं जातीतल्या जातीतच होत राहिली, म्हणून तो तिथेच फिरत राहिला. काकांनी नागपूरला जे पाहिलं ते खोटं नव्हतं. पण आमची दारं बाहेरून कुणी लावली, हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

पाडव्याच्या आधी काकूंचा फोन आला. मी उचलला. त्यांना पुरणपोळ्या हव्या होत्या. "पण मीच केल्यात असं सांगेन हं. आमचं काही नाही गं, पण चार लोक येतात. आणि धाकटीला घरीच ठेवा, थंडी आहे."

मी खुर्चीवरून उठले.

"काकू, आईच्या नावाशिवाय पोळ्या मिळणार नाहीत. धाकटीला सिकल सेल आहे. चार लोकांनी विचारलं तर तेही सांगा."

फोन ठेवला. आई पोळपाटापाशी उभी होती. "काऊन बोलली तू?" एवढंच म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ओकव्हिलच्या ऑर्डरी बंद झाल्या. आईची भीती अजून गेलेली नाही. मी तिला दोष देत नाही.

वर्गात मी तो कागद भिंतीवर लावला. प्रत्येक वर्तुळावर बोट ठेवून सांगितलं, अडखळत, पण सगळं.

उद्या लग्नाचं बोलायला कुणी समोर बसला, तर मी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट मागेन. जात विचारणार नाही. माझी लपवणार नाही. आणि कुणी पुन्हा आवाज खाली आणून म्हणालं, म्हणजे तुम्ही त्यातले, तर मी आवाज खाली आणणार नाही.

हो, त्यातलेच. आता नाव घेऊन बोला.