येतोय का तो?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी नीट सांगता येईल का — बघू.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळोचीत आमच्या वरच्या खोलीत तोलासा नावाचा इथिओपियाचा मुलगा भाड्यानं राहायचा. बारामतीत शेतीचं शिकायला आलेला. मी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचो. गल्लीत फोन एकट्या आमच्याकडे, त्यामुळे सगळ्यांचे फोन आमच्याच नंबरावर. त्याच्या आईचाही कधीतरी यायचा. तिला फक्त ओरोमो भाषा यायची. तो खाली येईपर्यंत तिच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून मी त्याच्याकडून प्रश्न शिकलो — काय करताय, कुठं जाताय, येताय का. इंग्रजीत प्रश्नासाठी 'इज' उचलून पुढं आणावा लागतो. त्यांच्यात आपल्यासारखंच, सगळं जागच्या जागी. नुसता शेवटचा स्वर लांबवायचा. 'धुफा जिरा', तो येतोय. 'धुफा जिराऽ?', येतोय का तो? एवढ्यावर मी गल्लीभर भाव खाल्ला. उत्तरं समजून घ्यायला मात्र शिकलो नाही. ती कशाला लागणार होती मला?

तोलासा डाळिंबाच्या बागा बघायला इंदापूरला गेला होता, तेव्हा तिचा फोन आला. शेजारचे नाना आपल्या फोनची वाट बघत समोरच बसलेले. मी ऐटीत विचारलं, काय करताय? — आणि ती बोलतच सुटली. रडत होती. मला एक शब्द कळेना. शेवटी तिनं विचारलं, आणि तेवढं मात्र स्वच्छ कळलं — 'धुफा जिराऽ?'

नाना माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, 'एये.' म्हणजे, हो.

"मास्तर, तुमास्नी ती बी भाषा येतीया व्हय! पर बाई रडत हुती न्हवं?"

"पोराची आठवण येतीय तिला," मी म्हणालो.

संध्याकाळी तो परतला. 'घरी फोन लाव' — एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग त्यानं विचारलं असतं, काय म्हणाली? मी काय सांगणार होतो? ती पुन्हा करेल की, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो.

तिनं केला. वडील गेल्यावर.

तोलासा फोन धरून तिथंच खाली बसला. मग रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाला, आई म्हणते तिनं आधी कळवलं होतं, मी येतोय असं कुणीतरी तिला सांगितलं. वडील शेवटपर्यंत दाराकडं तोंड करून पडून होते म्हणे. आला होता का असा फोन?

निदान इथं तरी — पण नाही. मी म्हणालो, छे, लाइनच बंद होती त्या दिवसांत.

त्याचा विश्वास बसला. आईला दुःखात भास झाला असेल, असं त्यानं तिला समजावलं; नंतर त्यानंच मला सांगितलं. वर माझेच आभार मानले त्यानं.

शिकवण्या अजून चालू आहेत. दरवर्षी तो धडा येतो. मी फळ्यावर लिहितो, 'इज ही कमिंग?' पोरं एका सुरात ओरडतात, 'येस, ही इज.'

बरोबर, म्हणतो मी.