बनुवहिनीचा अंबाडा

आमच्या घरात पारा म्हटलं की तो आईच्या डोक्यातला, एवढंच मला ठाऊक होतं. सकाळी म्हैस दुधाला नडली की चढायचा आणि भाकरी पोटात गेली की उतरायचा. खरा पारा माझ्या भावाकडे, लालासाहेबदादाकडे होता, पण तो तिकडे लांब सेलमला. विट्याच्या आसपासच्या गावांतले निम्मे बाप्ये तेव्हा गलाईच्या धंद्यावर मुलखाबाहेर असायचे. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, त्यात पारा घोळायचा, पारा केरातलं सोनं-चांदी धरून ठेवतो, मग त्याला भट्टीवर तापवून उडवून लावायचं. उडालेला पारा जातो कुठे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

पण ही गोष्ट दादाची नाही, त्याच्या बायकोची, बनुबाईची. माझी वहिनी रहिमतपूरची. बोलायला फटकळ, कामाला वाघ. चुलीमागे विंचू निघाला तर हातातलं लाटणं न ठेवता त्याला चिरडायची आणि पुन्हा लाटायला बसायची, लाटणं धुवायलासुद्धा सांगावं लागायचं. एवढं असूनही गावात तिचं नाव होतं ते अंबाड्यासाठी. काळाभोर, मुठीत न मावणारा. मला वेणी घालताना आई हटकून म्हणायची, "अंजे, तुजी ही उंदराची शेपटी बघ आन् तुज्या वयनीचा अंबाडा बघ." मी जळून खाक व्हायचे. वहिनी न्हायची ती न्हाणीला आतून कडी घालून, वेणीफणीही तिथंच. दृष्ट लागेल म्हणून जपते, असं मी धरून चालले होते. गर्विष्ठ मेली, असंही मनात म्हणायचे.

लग्नानंतर ती काही वर्षं सेलमला राहिली. एकच खोली, पुढे भट्टी, मागे पडदा लावून संसार. तिचा थोरला मानसिंग तिथलाच. पंचाहत्तरच्या दिवाळीला सगळी गावी आली, आल्या आल्या मानसिंगचं जावळ काढलं, आणि दादा माघारी गेला तेव्हा आईनं सुनेला आणि नातवाला ठेवून घेतलं. चैत्रापर्यंत वहिनीला पाचवा महिना लागला होता.

त्याच चैत्रात सांगलीहून क्षमाताई आल्या. त्या डॉक्टरीण होत्या, गलाईवाल्यांच्या बायका-मुलांच्या अंगात पारा किती गेलाय ते त्यांना मोजायचं होतं. आमच्या सोप्यात सतरंजी टाकून बायका गोळा केल्या.

"अंगातला पारा केसांत उतरतो," त्या म्हणाल्या. "मानेपाशी अगदी मुळाजवळून चिमूटभर केस कापून द्या. मुलांचेही. मुंबईला तपासायला पाठवते."

झालं! बायकांत गलका उठला. शेजारची रंगुबाई तर उभीच राहिली. "सवाशिणीच्या केसाला कात्री लावता व्हय, बाई? आन् केस परक्याच्या हातात? करणी करत्यात केसावर!"

क्षमाताईंनी परोपरीनं सांगितलं, पण त्यांची कात्री कुणी डोक्याजवळ येऊ देईना. शेवटी तोड निघाली: ज्या त्या बाईनं आत जाऊन आपल्या हातानं केस कापायचे, दोऱ्यानं बांधून आणून द्यायचे. क्षमाताईंना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण नाही मामापेक्षा काणा मामा बरा. वहिनी न्हाणीत गेली, कडी लागली, आणि ती चांगली जाड बट घेऊन बाहेर आली. मानसिंगचे चार केस आईनं कापले, तेवढ्यासाठी त्यानं वाडी डोक्यावर घेतली.

पुढे आम्ही ते विसरूनही गेलो. जेठ महिन्यात वहिनीला सातवा लागला, ओटीभरणाचं चाललं होतं, आणि क्षमाताईंची जीप दारात उभी राहिली. त्या थेट आईपाशी येऊन बसल्या. बाकी बायकांच्या केसांत पारा थोडाफार आहे, म्हणाल्या, पण बनुबाईंच्या केसांत फार म्हणजे फारच निघालाय.

"म्हंजी वो?" आईनं विचारलं.

"आईच्या रक्तातून पारा पोटातल्या बाळापर्यंत जातो. परदेशात अशी मुलं अधू जन्मलीयत. होईलच असं नाही, पण मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला हवं. मी परवा गाडी घेऊन येते." मग स्वतःशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "पोराचे केस मात्र स्वच्छ आहेत. कोडंच आहे."

वहिनीनं पोटावर हात ठेवला तो तसाच. आमची फटकळ वहिनी दोन दिवस एक शब्द बोलली नाही. ताटातली भाकरी ताटात राहायची. मी एरवी तिच्यावर जळणारी, पण तिचं तोंड बघून मला रडू यायला लागलं. आईनं नेहमीसारखं ओरडावं, भांडं आपटावं, असं वाटायचं. पण तिचाही पारा चढेना, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्षमाताई आल्या, तेव्हा वहिनीची पिशवी भरून तयार होती. आई म्हणाली, "जरा थांबा," आणि देव्हाऱ्यापुढे गेली. दादानं आणलेली बालाजीची तसबीर तिथं होती. आईनं हात जोडले आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बालाजी, माज्या सुनंचं पोर धड माज्या वट्यात घाल. तिचा ह्यो अंबाडा तुज्या पायावर वाहीन."

"आत्याबाई, नगा!" वहिनी किंचाळलीच. "मागं घ्या त्यो नवस!"

आता मात्र आईचा पारा चढला. "पोटच्या पोरापरास केस जड झालं व्हय गं तुला? रांडं, बालाजीच्या दारात बायका हासत हासत केस देत्यात, आन् तू?"

वहिनीनं दोन्ही हात मागे नेले, आकडे काढले, ओढले. आणि तो गावभर गाजलेला अंबाडा तिच्या हातात आला.

"ह्यो माजा न्हाई," ती म्हणाली. "गंगावन हाय. मानसिंगच्या आदी मला विषमज्वर झाला, तवाच माजं केस गेलं. सेलमच्या बाजारातनं ह्ये घेतलं. माणसांस्नी फशिवलं, आत्याबाई, पर देवाला खोटं कसं घालू?"

मागे राहिली होती सुपारीएवढी गाठ. मानसिंगला वाटलं आईचं डोकंच निघालं, त्यानं भोकाड पसरलं. मी तोंडाला पदर लावला तो हसू दाबायला की रडू, आजही सांगता येणार नाही. आणि मग सगळ्यांआधी आईच्याच ध्यानात आलं.

"आगं, मग डॉक्टरीणबाईस्नी केस कुनाचं दिलंस?"

"ह्येच्यातलंच. आतल्या अंगानं कापलं. माजं धा केस, त्यातलं काय कापू?" वहिनी हुंदके देत म्हणाली. "परवापास्नं बोलणार हुते. पर ही विषारी चीज मीच तर डोक्याला बांधत हुते, तितनंच पारा प्वाटात उतरला आसल, आसं वाटून जीभच उचलंना."

क्षमाताईंनी ते गंगावन हातात घेतलं. "सेलमला हे कुठं ठेवायचात?"

"रातच्याला काडून टांगायची. भट्टीवरल्या खिळ्याला."

क्षमाताई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "अहो, भट्टीची सगळी वाफ या केसांनी धरली! पोराचे तर जावळानंतर इथं उगवलेले, म्हणून स्वच्छ. मी बनुबाईंना नाही, त्या खिळ्याला मोजलं!" मग आवाज सांभाळून म्हणाल्या, "तरी नक्की सांगत नाही हं. आता तुमचे, स्वतःचे द्या. यावेळी मी कापणार."

"कापा," वहिनी मान पुढे करून म्हणाली. "पर हाईत त्येवढं ठिवा म्हंजी झालं."

निकाल यायला तीन आठवडे लागले. ते कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. आषाढात जीप आली, आणि क्षमाताई उतरायच्या आधीच आतून हात हलवून ओरडल्या, "काही नाही! बाकी बायकांएवढाच आहे, भिण्यासारखं काही नाही!" वहिनी दारातच बसली. आई तिच्याजवळ बसली आणि हमसून हमसून रडली. म्हातारीला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मग डोळे पुसून तिनं पहिलं वाक्य काय टाकावं, तर "आता जेव, भवाने!"

क्षमाताईंनी दादाला बोलावून घेतलं आणि ते गंगावन त्याच्यापुढे ठेवलं. तुझ्या बायको-पोरानं वर्षानुवर्षं काय श्वासात घेतलं ते बघ, म्हणाल्या. दादा खाली मान घालून बसला. सेलमला जाऊन त्यानं भट्टी लांबच्या मोकळ्या शेडमध्ये नेली, राहायला वेगळी जागा घेतली. श्रावणात वहिनीला मुलगी झाली. धडधाकट, आणि जावळ असं दाट की रंगुबाईनं ते दोनदा हळूच ओढून पाहिलं.

राहिला नवस. वहिनी म्हणायची, माझी गाठ तर गाठ, मी देते. आई कार्तिकात दादाबरोबर सेलमला म्हणून गेली, ती तिकडून बालाजीला जाऊन आली. एसटीतून उतरली तेव्हा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. वहिनी पाया पडायला वाकली, वर बघते तर पदराखाली गुळगुळीत डोकं. वहिनीनं तिच्या पायाला जी मिठी घातली ती सोडेना.

"उट गं. रडतीस कशाला?" आई म्हणाली. "तुजं खोटं हुतं, माजं पांढरं हुतं. देवाला खरं लागतं, रंगाचं त्येला काय?"

वहिनीनं पुन्हा कधी गंगावन घातलं नाही. त्या हिवाळ्यात दोघी अंगणात उन्हाला बसायच्या, बाळ आईच्या मांडीवर, आणि वहिनी आईच्या डोक्यावरच्या खुंटांवर तेल जिरवायची. आई डोकं चाचपून म्हणायची, "बघ आता, कुनाचा अंबाडा आदी हुतोय."